नकाशावरचे १०० म्हणजे किती भेटी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे अभ्याससाहित्याचे एक संकेतस्थळ आहे, त्याच क्षेत्रात आणखी तीन संकेतस्थळे तुमची स्पर्धक आहेत, आणि आपल्या साहित्याचा अनुवाद आधी कोणत्या भाषेत करायचा हे ठरवण्यासाठी ही तिन्ही कोणकोणत्या प्रदेशांत लोकप्रिय आहेत ते तुम्हाला पाहायचे आहे. त्यासाठी तुम्ही गूगल ट्रेंड्समध्ये, म्हणजे एखादा शब्द कुठे आणि केव्हा किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेत, पहिल्याचे नाव घातले, तेव्हा एका प्रदेशापुढे १०० आणि दुसऱ्यापुढे २३ असा आकडा आला. दुसऱ्या स्पर्धकाचा नकाशा निम्मा करडाच राहिला, आणि तिसऱ्याच्या बाबतीत पुरेसा डेटा नाही एवढेच उत्तर मिळाले. यावरून पहिल्या प्रदेशातून दुसऱ्याच्या चौपट लोक येतात असे धरावे का, असे तुम्ही विचारता.

तसे धरू नये. पण म्हणून नकाशा निरुपयोगी आहे असेही नाही. तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टीत आणि ट्रेंड्स दाखवते त्या गोष्टीत दोन पायऱ्यांचे अंतर आहे, आणि त्या दोन्ही पायऱ्या प्रदेशागणिक कमीजास्त उंचीच्या असतात, ही खरी अडचण आहे. तुम्हाला हवी आहे भेटींची संख्या. भेटी देणाऱ्यांपैकी काही जणच संकेतस्थळाचे नाव शोधून तिथे पोहोचतात, ही पहिली पायरी. त्या नावाच्या शोधांची संख्याही ट्रेंड्स देत नाही, तर त्या प्रदेशातल्या एकूण शोधांमध्ये त्यांचा वाटा किती एवढेच सांगते, ही दुसरी. दुसरी पायरी हिशेबाने बरीचशी उतरता येते, म्हणून आधी ती घेते.

प्रदेशांच्या यादीत ज्याच्यापुढे १०० असते, त्या प्रदेशात तिथल्या सर्व शोधांच्या तुलनेत त्या शब्दाचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि बाकीचे प्रदेश त्याच्याशी ताडून मांडलेले असतात. उदाहरणादाखल दोन प्रदेश घेऊ. समजा, पहिल्यात एका महिन्यात एकूण १० लाख शोध झाले आणि त्यांपैकी २,००० शोध त्या संकेतस्थळाच्या नावाचे होते, म्हणजे वाटा ०.२ टक्के. दुसऱ्यात एकूण १ कोटी शोध झाले आणि नावाचे शोध १०,००० होते, म्हणजे वाटा ०.१ टक्का. ट्रेंड्स पहिल्या प्रदेशाला १०० देईल आणि दुसऱ्याला ५०. प्रत्यक्षात शोध मात्र दुसऱ्यात पाचपट आहेत. यादीच्या माथ्यावर बऱ्याचदा लहान लोकसंख्येचे प्रदेश का दिसतात, याचे एक मोठे कारण हेच.

यावर उपाय सोपा आहे, जरी तो ढोबळ असला तरी. ट्रेंड्सचा आकडा आणि त्या प्रदेशातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या यांचा गुणाकार करावा, आणि येणाऱ्या संख्यांचे एकमेकांशी प्रमाण पाहावे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ देशोदेशींच्या इंटरनेट वापरणाऱ्यांची टक्केवारी प्रसिद्ध करतो, आणि लोकसंख्येचे आकडे तर कुठेही मिळतात. वरच्या उदाहरणात वापरकर्त्यांचे प्रमाण एकास दहा असेल, तर गुणाकार १०० आणि ५०० असा येईल, आणि पाचपटीचा फरक पुन्हा समोर येईल. या हिशेबात प्रत्येक प्रदेशातला माणूस साधारण सारखेच शोध करतो असे मी गृहीत धरले आहे, आणि ते तंतोतंत खरे नाही. तरीही सरळ १०० आणि ५० वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

अर्थात, हा गुणाकार करायचा की नाही हे तुम्ही कशासाठी पाहता यावर अवलंबून आहे. एखाद्या प्रदेशात स्पर्धकाचे नाव लोकांच्या तोंडी कितपत बसले आहे, तिथे शिरकाव करणे किती जड जाईल, असा प्रश्न असेल तर वाटाच उपयोगी, आणि त्याला लोकसंख्येने गुणले तर उलट तो बिघडतो. अनुवादाच्या खर्चाचा प्रश्न असेल तर किती माणसे हे महत्त्वाचे, म्हणजे गुणाकार हवा. तुमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, पण नकाशा पाहताना तुम्ही तो पहिल्या प्रकारे वाचलात.

आता पहिली पायरी, म्हणजे नाव शोधणे आणि भेट देणे यांतला फरक. शोधांचे हेतूंनुसार तीन प्रकार संगणकशास्त्रज्ञ आन्द्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये मांडले होते: माहिती मिळवण्यासाठीचे, काही व्यवहार उरकण्यासाठीचे, आणि ठरावीक ठिकाणी पोहोचण्यासाठीचे. संकेतस्थळाचे नाव शोधणे हे बहुधा तिसऱ्या प्रकारात मोडते. पण ठरावीक ठिकाणी पोहोचण्याचे शोधाखेरीज अनेक मार्ग आहेत. रोज येणारा माणूस ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये दोन अक्षरे टंकतो, ब्राउझर उरलेला पत्ता पुरा करतो, आणि शोध होतच नाही. ज्याने ॲप घेतले आहे तो ब्राउझरही उघडत नाही. त्यामुळे एखादे संकेतस्थळ लोकांच्या जितके अंगवळणी पडते, तितके त्याचे नियमित वाचक शोधाच्या आकड्यांतून नाहीसे होण्याची शक्यता वाढते. उलट, ज्या प्रदेशात बहुतेक जण शोधचौकटीतूनच सगळीकडे जातात, तिथे तेच संकेतस्थळ कितीतरी जास्त लोकप्रिय भासते. शिवाय तुमच्यासारख्या अभ्याससाहित्याच्या संकेतस्थळावर बरेच लोक धड्याचे किंवा संकल्पनेचे नाव शोधून येतात. ते दिवसभर तिथे वाचत बसतील, पण संकेतस्थळाचे नाव त्यांनी कधीच शोधलेले नसेल.

माझ्याच कामातला एक प्रसंग सांगते, कारण त्यात मी स्वतः फसले होते. एका ग्राहकाच्या स्पर्धकाचा आलेख दोन प्रदेशांत अचानक उसळलेला दिसला, आणि मी अहवालात तिथे त्यांची नवी मोहीम सुरू झाली असावी असे लिहून मोकळी झाले. नंतर त्या नावाबरोबरचे संबंधित शोध उघडले, तर त्यांत नावापुढे ‘लॉगिन होत नाही’, ‘बंद आहे का’, ‘पैसे परत’ असे शब्द होते. त्यांची सेवा त्या दोन प्रदेशांत कोलमडली होती, आणि एरवी कधी नाव न शोधणारे नियमित ग्राहक त्या आठवड्यात नाव शोधू लागले होते. तेव्हापासून संबंधित शोधांची यादी वाचल्याखेरीज मी उसळीबद्दल एक वाक्यही लिहीत नाही. ट्रेंड्समध्ये साधा शोधशब्द घातला की त्या शब्दाबरोबर इतर शब्द असलेले शोधही त्यात धरले जातात, त्यामुळे कौतुक, तक्रार आणि चौकशी हे सगळे एकाच रेषेत मिसळते. शोधांवरून प्रत्यक्ष घटनेचा अंदाज बांधण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न खुद्द गूगलचाच होता. फ्लूच्या साथीचा माग घेणारी त्यांची सेवा २००८ मध्ये सुरू झाली, २०१२–१३ च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार चढे निघाले, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. आजारी नसलेली माणसेही बातम्या ऐकून आजाराबद्दल शोधतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. संकेतस्थळांच्या बाबतीतही बातमी हीच करामत करते.

पूर्वी हे काम सोपे होते, असे जुनी मंडळी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. २००८ मध्ये गूगलने ट्रेंड्समध्येच संकेतस्थळांसाठी वेगळा विभाग उघडला होता. त्यात पत्ता घातला की रोजच्या अभ्यागतांचा अंदाज आणि ते कोणत्या प्रदेशांतून येतात हे दिसत असे. तो विभाग २०१२ च्या सुमारास गेला. अलेक्सा या सेवेची संकेतस्थळांच्या लोकप्रियतेची क्रमवारी त्यानंतरही चालू होती, पण तीही १ मे २०२२ रोजी बंद झाली. इंटरनेटवरचे अनेक जुने लेख आजही त्या विभागाची पद्धत जशीच्या तशी सांगतात, आणि नवा माणूस आजच्या ट्रेंड्समध्ये पत्ता घालून जे दिसते त्यालाच अभ्यागतांची संख्या समजतो. तुमचाही गोंधळ तिथूनच आला असण्याचा संभव आहे.

नावाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही मी सर्वांत आधी तपासते. ते नाव दुसऱ्या कशाचे तरी आहे का? ॲमेझॉन म्हणजे दुकान, नदी आणि जंगलही. अशा प्रसिद्ध नावांबाबत आपण सावध असतो, पण लहान संकेतस्थळांच्या नावांबाबत राहत नाही. एका प्रकाशकासाठी काम करताना त्यांच्या स्पर्धकाच्या नकाशावर एक छोटासा बेटांचा देश १०० वर बसला होता, आणि तिथल्या भाषेत अनुवादाची बोलणीही सुरू झाली होती. चौकशी केली तेव्हा कळले की स्पर्धकाचे नाव हा त्या भाषेतला रोजच्या वापरातला एक शब्द होता, आणि लोक तोच शोधत होते. असा संशय आला की नाव विषय म्हणून उपलब्ध आहे का ते पाहावे. ट्रेंड्समध्ये शब्द टंकताना खाली काही पर्याय येतात, त्यांत ‘शोधशब्द’ वेगळा असतो आणि ‘संकेतस्थळ’ किंवा ‘कंपनी’ असा उल्लेख असलेला विषय वेगळा. विषय घेतला तर वेगवेगळ्या लिप्यांतली आणि भाषांतली नावे व चुकीची स्पेलिंगे बरीचशी एकत्र मोजली जातात. प्रादेशिक तुलनेत हे फारच महत्त्वाचे आहे, कारण लॅटिन लिपीतल्या नावाचा साधा शोधशब्द घातला तर सिरिलिक, अरबी किंवा देवनागरीत तेच नाव टंकणारे लोक नकाशावर येतच नाहीत, आणि ते प्रदेश विनाकारण फिके दिसतात. लहान संकेतस्थळाचा विषय सहसा उपलब्ध नसतो. तेव्हा नावाची निरनिराळी रूपे अधिकचिन्हाने जोडून एकाच चौकटीत घालावीत, आणि खटकणारा अर्थ वजाचिन्हाने वगळावा. नावाच्या शेवटी डॉट कॉम लावलेले रूप वेगळे तपासून पाहणेही उपयोगी ठरते, कारण ते टंकणाऱ्याला ते संकेतस्थळच हवे असते याबद्दल शंका उरत नाही, मात्र त्याचा डेटा तुटपुंजा असतो.

डेटाच्या तुटपुंजेपणाकडे आता वळते, कारण तुमच्या दुसऱ्या स्पर्धकाचा निम्मा करडा नकाशा त्यातूनच आला आहे. ट्रेंड्स सर्व शोध मोजत नाही, त्यांचा नमुना घेते, आणि फार कमी शोध असलेले शब्द शून्य दाखवते. करडा रंग म्हणजे तिथे त्या संकेतस्थळाला कोणी ओळखत नाही असे नव्हे, तर दाखवण्याजोगा डेटा नमुन्यात आला नाही, इतकेच. यादीवर कमी शोधांचे प्रदेश समाविष्ट करण्याची एक खूण असते. ती केली की करडे भाग भरतात, पण भरलेले आकडे भरवशाचे असतात असे समजू नये. नमुना बदलला की तेही बदलतात. ते किती बदलतात हे पाहण्यासाठी मी तीच विचारणा, तोच कालावधी आणि तेच प्रदेश ठेवून, सात वेगवेगळ्या दिवशी यादीची सीएसव्ही फाइल, म्हणजे तक्त्यात उघडता येणारी फाइल, उतरवून घेते. एकाच दिवशी पुन्हा पुन्हा विचारून बहुधा तेच आकडे मिळतात, म्हणून दिवस वेगळे हवेत, आणि मागचा कालावधी तारखा घालून पक्का केलेला हवा. मग एका तक्त्यात प्रत्येक प्रदेशासमोर सात रकाने भरून सरासरी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लिहायचा. एखादा प्रदेश सात दिवसांत ६१, ६४, ५९, ६३ असा हलत असेल तर तो वाचण्याजोगा आहे. ३८, ९१, ०, ५५ असा उड्या मारत असेल तर त्याची सरासरी ४६ आहे हे लिहिण्यात काही अर्थ नाही. माझा नियम असा की, दोन प्रदेशांच्या सरासरींतला फरक त्यांच्या स्वतःच्या चढउतारापेक्षा लहान असेल तर त्यांना वरखाली लावायचे नाही, एकाच पायरीवर ठेवायचे. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण सात दिवसांच्या या कंटाळ्याने माझे कितीतरी चुकीचे निष्कर्ष टाळले आहेत.

तुम्ही तिन्ही स्पर्धकांची नावे एकत्र घालूनही पाहिली असतीलच. एका वेळी अनेक शब्द चालतात. पण शब्द एकाहून अधिक झाले की नकाशाचा अर्थ बदलतो, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. एकच शब्द असताना प्रदेशांची एकमेकांशी तुलना असते. अनेक शब्द असताना प्रत्येक प्रदेशाच्या आत त्या शब्दांची वाटणी दाखवली जाते, म्हणजे प्रत्येक प्रदेशातल्या टक्क्यांची बेरीज १०० होते. एखाद्या प्रदेशात पहिल्या स्पर्धकापुढे ८० टक्के दिसले तर त्याचा अर्थ, या नावांपुरते बोलायचे तर तिथे पाचपैकी चार शोध त्याचे आहेत, एवढाच. त्या प्रदेशात ही सगळीच नावे क्वचित शोधली जात असतील तरी ८० टक्केच दिसणार. म्हणून ‘कोणत्या प्रदेशात कोण पुढे’ या प्रश्नाला तुलनेचा नकाशा योग्य, आणि ‘अमुक संकेतस्थळ कोणत्या प्रदेशात अधिक’ या प्रश्नाला एकेकट्या शब्दाचा. दोन नकाशांतले आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवू नयेत. दोन ठरावीक प्रदेशच ताडायचे असतील तर आणखी एक सोय आहे. तोच शब्द दोनदा घालून प्रत्येकाच्या गाळणीत वेगळा प्रदेश निवडता येतो, आणि मग दोन्ही प्रदेशांच्या रेषा एकाच मापावर दिसतात. मला स्वतःला नकाशापेक्षा हा आलेख जास्त बोलका वाटतो, कारण त्यात आकड्याबरोबर दिशाही कळते.

दिशेचा मुद्दा निघालाच आहे तर कालावधीबद्दल थोडे. नकाशा निवडलेल्या संपूर्ण कालावधीचा एकच सरासरी ठसा असतो. पाच वर्षांचा कालावधी घेतला तर चार वर्षांपूर्वी गाजून विझलेला प्रदेश आणि गेल्या सहा महिन्यांत उगवणारा प्रदेश एकाच रंगात दिसू शकतात. मी वर्षवार वेगळे नकाशे काढते. २००४ पासूनचा डेटा उपलब्ध आहे म्हणून तिथपर्यंत मागे जाण्याचा मोह होतो, पण आलेखावर जानेवारी २०११, जानेवारी २०१६ आणि जानेवारी २०२२ या ठिकाणी गूगलनेच टिपा लावलेल्या आहेत. पहिली टीप शोध कोणत्या भूभागातला हे ठरवण्याच्या पद्धतीत, तर पुढच्या दोन डेटा गोळा करण्याच्या पद्धतीत सुधारणा झाल्याचे सांगतात. प्रादेशिक तुलना करणाऱ्याने या तारखांच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका दमात वाचू नयेत. देशाच्या आतल्या विभागांबाबत तर मी याहून सावध असते, कारण मोबाइलवरचा शोध नेमका कुठून झाला याचा अंदाज कधी कधी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रावर जाऊन पडतो, आणि मग शहराचा विभाग गडद व आसपासचे विभाग फिके होतात.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, आकडा वाट्याचा आहे, त्याला वापरकर्त्यांच्या संख्येने गुणावे. नाव स्वच्छ आहे का ते आधी पाहावे. सात दिवसांच्या चढउताराने आकड्याचा भरवसा मापावा. एवढे केल्यावर नावाच्या शोधांचे प्रादेशिक चित्र बऱ्यापैकी हाती येते. पण नावाचे शोध आणि भेटी यांतली पायरी तशीच शिल्लक राहते, आणि तिच्यासाठी तुमच्याकडे एक साधन आहे ज्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही, ते म्हणजे तुमचे स्वतःचे संकेतस्थळ.

स्पर्धकाच्या खऱ्या भेटी तुम्हाला दिसत नाहीत, पण स्वतःच्या दिसतात. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधांत कसे दिसते हे संकेतस्थळाच्या मालकाला दाखवणाऱ्या सेवेत, तुमच्या संकेतस्थळाचे नाव असलेले शोध गाळून घ्या, देशवार इम्प्रेशन, म्हणजे शोधाच्या निकालांत तुमचे संकेतस्थळ किती वेळा दिसले तो आकडा, पाहा आणि ती यादी उतरवून घ्या. मागचे १६ महिने तिथे मिळतात. त्याच कालावधीतल्या देशवार भेटी तुमच्या ॲनालिटिक्समधून, म्हणजे संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या साधनातून, घ्या. आता प्रत्येक देशासाठी भेटींना नावाच्या इम्प्रेशनने भागा. समजा, एका देशात नावाची १,२०० इम्प्रेशन आणि ६,००० भेटी आहेत, म्हणजे नावाच्या एका शोधामागे पाच भेटी. दुसऱ्या देशात ९,००० इम्प्रेशन आणि १८,००० भेटी, म्हणजे एकामागे दोन. तुमच्याच संकेतस्थळाबाबत, तुमच्याच दोन देशांत, नावाचा एक शोध किती भेटींच्या बरोबरीचा आहे हे अडीचपटीने बदलते आहे. स्पर्धकाच्या नकाशावरचा फरक वाचताना हा अडीचचा आकडा समोर ठेवायचा. वापरकर्त्यांच्या संख्येने गुणल्यानंतर दोन प्रदेशांत दीडपट किंवा दुप्पट फरक निघाला तर तो या पट्ट्याच्या आतला आहे, त्यावर पैसे लावू नयेत. सहापट किंवा दहापट निघाला तर तो पायरीच्या उंचीने पुसला जाण्यासारखा नाही, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

स्पर्धकाचे वाचक तुमच्या वाचकांसारखेच वागतात असे या पद्धतीत धरलेले आहे, हे मी लपवत नाही. स्पर्धकाचे ॲप असेल आणि तुमचे नसेल तर गुणोत्तर बदलेल. पण एकाच क्षेत्रातल्या, साधारण सारख्या वयोगटाच्या वाचकांच्या संकेतस्थळांसाठी मी ती पुष्कळदा वापरली आहे, आणि तिचा मुख्य फायदा असा की चूक किती मोठी असू शकते याची कल्पना तुमच्याच डेटातून येते, कोणाच्या तरी भाकितातून येत नाही. दोन किरकोळ अडचणी लक्षात ठेवाव्या लागतात. सर्च कन्सोल फार कमी जणांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळते, त्यामुळे छोट्या देशांत नावाचे शोध प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. आणि तिथे वर्गवारी देशापर्यंतच मिळते, त्याच्या आतल्या विभागांची मिळत नाही.

याच कामाला दुसऱ्या बाजूने आधार देणारे स्रोतही आहेत, आणि त्यांपैकी दोन तरी विनामूल्य पाहता येतात. क्रोम ब्राउझरच्या वापरावर आधारलेला गूगलचा ‘क्रोम यूजर एक्स्पीरियन्स रिपोर्ट’ दर महिन्याला निघतो, आणि त्यात संकेतस्थळ पहिल्या हजारात, दहा हजारांत, लाखात की दहा लाखांत बसते असा ठोकळ गट २०२१ पासून मिळतो, तोही देशवार. हे मोजमाप शोधांचे नसून पाने प्रत्यक्ष उघडण्याचे आहे, म्हणून ट्रेंड्सच्या उलटतपासणीला ते उत्तम. फक्त आयफोनवरचे क्रोम त्यात येत नाही, म्हणजे जिथे आयफोन जास्त तिथे चित्र लंगडे. दुसरा स्रोत क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या ‘रडार’ या संकेतस्थळाचा. त्यांच्या डीएनएस सेवेकडे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, येणाऱ्या विचारणांवरून ते देशवार पहिल्या शंभर डोमेनांची यादी काढतात. तुमच्या क्षेत्रातले संकेतस्थळ त्या शंभरात असण्याची शक्यता कमी, म्हणून तुम्हाला पहिलाच स्रोत अधिक कामाचा. सिमिलरवेबसारख्या सशुल्क सेवांचे अंदाज मोठ्या संकेतस्थळांसाठी उपयोगी असतात, पण लहान संकेतस्थळांचे प्रादेशिक आकडे मी त्यांच्याकडून घेत नाही. माझ्या हातातल्या खऱ्या आकड्यांशी ते मी अनेकदा ताडून पाहिले आहेत आणि लहान देशांत ते फार दूर जातात.

एक मर्यादा अशी आहे की तिथे कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही. गूगल जिथे मुख्य शोधयंत्र नाही तिथे ट्रेंड्सचा नकाशा त्या प्रदेशातल्या एका कोपऱ्याबद्दलच बोलतो. मुख्य भूमी चीनमधली आपली शोधसेवा गूगलने २०१० मध्येच बंद केली. तिथल्यासाठी बायडू या तिथल्या शोधयंत्राचा बायडू इंडेक्स आहे. दक्षिण कोरियात नेव्हर या शोधयंत्राचे स्वतःचे डेटालॅब आहे. रशियासाठी यांडेक्स या शोधयंत्राचे वर्डस्टॅट पाहावे, आणि त्याची मांडणी मला ट्रेंड्सपेक्षाही आवडते, कारण ते शोधांची संख्या देते आणि प्रदेशाची आवड सरासरीच्या किती टक्के आहे तेही वेगळे दाखवते, म्हणजे संख्या आणि वाटा यांची गल्लत होत नाही. तुमच्या यादीत असे प्रदेश असतील तर ते ट्रेंड्सच्या तक्त्यातून काढून वेगळ्या पानावर ठेवावेत.

आता तुमच्या मूळ कामाकडे. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या स्पर्धकाचे मागच्या १२ महिन्यांचे आकडे वरच्या पद्धतीने सात दिवस उतरवून, गुणाकार करून, प्रदेशांना तीन पायऱ्यांत बसवले असते. एक ते वीस अशी क्रमवारी लावली नसती. मग तुमच्या विषयातल्या संकल्पनांची पाच-सहा नावे त्या त्या भाषेत घालून, नावाशिवायची मागणी कुठे आहे ते पाहिले असते. अनुवाद हा शेवटी भाषेसाठी असतो, आणि भाषा व प्रदेश यांच्या सीमा जुळत नाहीत. स्पर्धकाचे नाव ज्या प्रदेशात गडद आहे तिथले वाचक त्याचे साहित्य इंग्रजीतूनच वाचत असतील तर त्या गडदपणात तुमच्या अनुवादाची मागणी किती हे कळत नाही. तेच विषय स्थानिक भाषेत शोधले जात आहेत असे दिसले तर मात्र तो प्रदेश वर यायला हवा, मग तिथे स्पर्धकाचा नकाशा फिका का असेना. तुमचे १०० आणि २३ या पद्धतीतून गेल्यावर त्यांची जागा बदलेल की नाही हे त्या दोन प्रदेशांच्या आकारावर आहे. २३ वाल्या प्रदेशात इंटरनेट वापरणारे साडेचारपटीहून अधिक असतील तर नावाचे शोध तिथेच जास्त आहेत, एवढे आताच सांगता येते.

राहिला तिसरा स्पर्धक, ज्याच्याबद्दल डेटाच नाही. कालावधी पाच वर्षांपर्यंत वाढवून आणि प्रदेश संपूर्ण जग ठेवून एकदा पाहा. देशाच्या पातळीवर न दिसणारा शब्द पुष्कळदा जागतिक पातळीवर दिसतो, आणि निदान कोणते दोन-तीन देश त्याला आधार देतात हे तरी कळते. तरीही काही आले नाही तर क्रोमच्या अहवालात तो दहा लाखांच्या गटात कुठल्या देशांत आढळतो ते पाहा. तिथेही नसेल तर तुमच्या तक्त्यात त्याच्या रकान्यात ‘माहिती नाही’ असे लिहा, शून्य लिहू नका, कारण तो तक्ता सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती जातो, आणि त्याला शून्याचा एकच अर्थ माहीत असतो.